पॉइंटांची वही

रत्नागिरी,
२८ सप्टेंबर २००७

प्रिय रसूल,

हे पत्र यासीनच्या हाती देतोय, तो रविवारी कुवेतला परततोय. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू मला मधेच तोडून 'सोड रे बाळा, जाऊ दे' म्हणशील, आणि या वेळी तू मला तसं सोडू नयेस. सगळं वाचून झालं की मग काय ते बोल.

आधी घरचं. हाजराभाभींचे गुडघे आता बरे आहेत. यंदाही गणपतीला केळीचा घड घेऊन स्वतः चालत आल्या, तेही रोजे सुरू असताना. तुझ्या सगुणावहिनीने नेहमीप्रमाणे नैवेद्याआधीच तुमच्यासाठी अकरा मोदक वेगळे काढले होते. तुझ्या धाकट्या अलफियाने त्यातले चार वाटेतच संपवले.

बोटीचं तुझ्या कानावर आलंच असेल. तुमची 'अलफिया' मिरकरवाड्याच्या जेट्टीला बांधून आज अठरा दिवस झाले. इंजिन थंड आहे आणि सहाही खलाशी घरी बसलेत. तुझ्या मुझम्मिलला पोलीस रोज सकाळी अकराला चौकशीला बोलावतात, चारला सोडतात. माणसं वाईट नाहीत. पण तुमच्या पॉइंटांच्या वहीतले आकडे कराचीजवळच्या समुद्रातले आहेत, आणि ते तिथले का, हे पटल्याशिवाय बोट सुटायची नाही. हंगाम तर जाईलच. पोराच्या नावावर जो डाग बसेल तो पुढच्या हंगामातही राहील.

तुला अठ्ठ्याण्णव साल आठवतं का? सुट्टीवर येताना तू ते हातात मावणारं जीपीएस आणलंस आणि माझ्या दुकानाच्या फळीवर ठेवून म्हणालास, 'बघ, तुला जमतंय का.' सातवी नापास माणूस मी. रेडिओ शिकलो तो उघडून, डिझेल इंजिन शिकलो ते उघडून. हे उघडून समजणारं नव्हतं. सोबतचं इंग्रजी पुस्तक चौऱ्याऐंशी पानांचं होतं. डिक्शनरी शेजारी घेऊन सात आठवड्यांत वाचलं. एकसष्टाव्या पानावर छापताना आकृती उलटी पडली होती, तीही मी शोधली. तू म्हणालास, 'मेल्या, आता कंपनीलाच पत्र टाक.' मी टाकलं. उत्तर आलं नाही, पण आकृती उलटीच होती.

मग वहीचा प्रश्न आला. मासळीच्या जागा वहीत लिहाव्यात, तर हंगामाच्या मध्यात खलाशी बोट बदलतो आणि जाताना पान उतरवून नेतो. त्यावर नियम मी काढला. जागा वहीत लिहिताना खऱ्या अक्षांशात सहा अंश मिळवायचे, रेखांशातून पाच वजा करायचे, मिनिटांना हात लावायचा नाही. म्हणजे सतराचे तेवीस, बहात्तरचे सदुसष्ट. बोट चालवताना तांडेलाने मनातल्या मनात उलटं करायचं. वही चोरणारा थेट कराचीच्या दारात जाऊन उभा राहील म्हणून आपण जेट्टीवर पोट धरून हसलो होतो. नियम ठाऊक असलेली माणसं तीनच. तू, मी, आणि मुझम्मिल तांडेल झाला तेव्हा तो.

आता माझं. दोन वर्षांपूर्वी दुकानात कॉम्प्युटर घेतला, इंटरनेट घेतलं, तेवढं तुला लिहिलं होतं. पुढचं लिहिलं नव्हतं. नेटवर 'पश्चिम किनारा' नावाचा मराठी चर्चेचा कट्टा आहे. तिथे मी 'दीपस्तंभ' या नावाने लिहायला लागलो. सुरुवातीला इंजिनं, वारे, भरती-ओहोटी. वाचणारे अकरा जण. मग एकदा किनाऱ्यावर कोण येतं, कोण जातं, कुणाचं लक्ष नाही, असं लिहिलं आणि एका दिवसात तीनशे उत्तरं आली. डोंबिवलीहून, नागपूरहून, थेट अमेरिकेतून. इंजिनिअर, डॉक्टर मला 'सर' म्हणायला लागले. रसूल, मला आजवर कुणी सर म्हटलं नव्हतं. हळूहळू त्या 'कोण'ला मी जात, वाडी, मोहल्ला सगळं लावत गेलो. खोटं लिहीत नाही अशी माझी घमेंड होती. तपशील प्रत्येक अचूक असायचा. कुठला गाळायचा तेवढं मी ठरवत होतो. तुझी आठवण आली की स्वतःला सांगायचो, रसूलची गोष्ट वेगळी.

ऑगस्टअखेरीस कट्ट्यावरच्या एकाने मला सगळ्यांसमोर टोकलं, 'दीपस्तंभ, पुरावा द्या, नाहीतर गजाली बंद करा.' चार दिवस मला कुणी सर म्हटलं नाही. पाचव्या दिवशी मुझम्मिल बिघडलेलं जीपीएस घेऊन दुकानात आला. दुरुस्तीनंतर आकडे ताडून बघता यावेत म्हणून वहीही ठेवून गेला. 'काका, तुमच्याकडे असली म्हणजे बिनघोर,' म्हणाला. मी एका पानाचा फोटो काढून कट्ट्यावर टाकला. रत्नागिरीची बोट कुठवर जाते बघा, असं वर लिहिलं. बोटीचं नाव दिलं नाही, पण तपशिलाशिवाय मला लिहिता येत नाही. हिरवी केबिन आणि सहा सिलिंडरचं इंजिन मी लिहिलंच. अख्ख्या मिरकरवाड्यात तशी बोट एकच. नियम मला ठाऊक होता. माझाच होता. तो मी गाळला.

फोटो चाळीस ठिकाणी फिरला, चौकशीवाल्यांपर्यंत गेला. मुझम्मिलने त्यांना आकडे फिरवलेत हे सांगितलं, उलटे करूनही दाखवले. ते म्हणाले, हे तू आता रचतोयस, ही युक्ती शिकवली कोणी ते सांग, त्याला बोलाव. पोरगा नाव सांगेना. फोटो कोणी टाकला हे त्याला माहीत नाही; एखाद्या खलाशाने दुकानात येऊन वही चाळली असं त्याला वाटतं. काल हाजराभाभींनी मला कारण सांगितलं. तो म्हणतो, 'बाळाकाकांचं नाव घेतलं तर त्यांनाही रोज बसवतील. त्यांना बीपी आहे.' भाभी हे सांगत होत्या आणि सगुणा त्यांच्या इफ्तारीसाठी खजूर धुऊन घेत होती. मी आत जाऊन बसलो.

आज सकाळी साडेदहाला, मुझम्मिलच्या आधी अर्धा तास, मी जाऊन जबाब दिला. नियम, तो काढल्याची तारीख, त्याचा माझ्या अक्षरातला अठ्ठ्याण्णवचा कागद, आणि दीपस्तंभ मीच, हे सगळं सही करून दिलं. घरून निघण्याआधी कट्ट्यावरही खऱ्या नावाने लिहिलं होतं. वीस मिनिटांत तिथे मी विकला गेलेला ठरलो. बोट सुटेल असं साहेब म्हणाले, कधी ते बोलले नाहीत. माझं काय होईल ते मी विचारलं नाही. बाहेर आलो तर मुझम्मिल बाकावर बसलेला. त्याला तिथेच सगळं सांगितलं. तो बाकावरून उठला. मग म्हणाला, 'अब्बांना तुम्ही सांगा, मी नाही सांगणार.' म्हणून हे पत्र. बोट सुटली की त्याला वही नव्याने लिहावी लागेल. नवा नियम त्याचा त्याने काढावा, आणि मला सांगू नये.

तुझाच, ठेवशील तर,
बाळा