टेरीनं कापून आणलेला आंबा

६ मे, मंगळ.
पहाटे कॉव्हेंट्रीहून व्हॅन घेऊन मार्केटला. दादाच्या देवगडच्या बागेतल्या आंब्यांच्या साठ पेट्या. टेरी दलाल आतल्या खोलीतून एक आंबा कापूनच घेऊन आला. मधोमध पांढरा साका. ‘सॉरी लव्ह, होल लॉट्स गॉन.’ सगळ्या पेट्या फेकणार म्हणे. हापूसमध्ये साका निघाला की आम्हा कोकणातल्यांची मान आपोआप खाली जाते. कापलेलं फळ आमच्याच पेटीतलं का, मी काही विचारलं नाही. वर त्याचीच माफी मागितली आणि रिजेक्ट स्लिपवर सही ठोकली. मूर्ख!

दादाला अजून सांगितलं नाही. वाशीला नको, इकडे पाठव, म्हणून मीच वर्षभर त्याच्या मागे लागले होते.

७ मे
विहारातल्या काळेकाकांचा फोन. वीस वर्षं याच मार्केटला भाजीची लॉरी चालवली त्यांनी. ‘सुनंदा, फोल्सहिल रोडच्या दुकानात तुझे आंबे विकायला लावलेत. पेटीवर तुझ्या आईच्या नावाचा शिक्का आहे.’ धावत गेले. आमच्याच पेट्या. एक विकत घेतली (आपलेच आंबे!), गाडीत बसून चार कापले. आतून केशरी, स्वच्छ. रडले. मग पाचवा खाल्ला.

काका म्हणाले, ‘माझ्या कोबीचं हे दलाल असंच करायचे. मीपण गुपचूप साइन करायचो.’

९ मे, शुक्र.
टेरीपुढे पेटी आदळली. ‘यू साइन्ड, लव्ह.’ केलीय सही, खरंय. म्हटलं, मंगळवारी शेवटच्या चाळीस पेट्या आणते. फळ गिऱ्हाइकानं निवडायचं, कापायचं इथे, उघड्यावर. हसला मेला. एकात जरी साका निघाला तरी पुन्हा इथे पाय ठेवायचा नाही, म्हणाला. आजूबाजूचे गाळेवाले ऐकत होते. हो म्हणून आले.

१२ मे
दादाला सगळं सांगितलं. चिडला नाही, तेच जास्त लागलं. ‘अगं, यंदा ऊन फार होतं. साका बाहेरून कळत नाही. मलाच खात्री नाही. नको जाऊस.’

माहितीय. पण गेले नाही तर ती सही खरी ठरेल. काका येतायत सोबत. ‘तुम्ही कशाला त्रास घेता’ म्हटलं, तर फोनच ठेवला.

१३ मे, पहाटे, मार्केट
व्हॅनमध्येच बसून लिहितेय. बाहेर पंधरा-वीस जण जमलेत. एका सरदारजींनी पेटीत हात घातलाय, एकेक आंबा दाबून बघतायत. काका काचेवर टकटक करतायत.

उचलला सरदारजींनी एक. सुरी घेतली. उतरते.