ऑपरेशनच्या सकाळचं दही

आई, आज सकाळी सूनबाईने परीक्षेला निघालेल्या नातीच्या तळहातावर दही-साखर ठेवली आणि मी चहा तसाच टाकून आतल्या खोलीत जाऊन बसलो. सध्या कतारमध्ये, दोह्याशेजारच्या लुसैलला मुलाच्या घरी आलोय, पार अठराव्या मजल्यावर. नात दारातून ओरडत होती, "आजोबा, कम ना, आय ॲम गेटिंग लेट!" पण मी काही बाहेर आलो नाही. मुलाला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय. बिनसलंच आहे, फक्त ते आजचं नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि एक गोष्ट तुझ्याशी बोलायची राहूनच गेली. तू होतीस तेव्हा धीर झाला नाही. माझं सशाचं काळीज तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

दोह्यातलं ते जुनं दुमजली घर तुला आठवत असेलच. खाली ऑफिस आणि पेशंटांची खोली, वर आपलं बिऱ्हाड. सत्तरचं दशक संपत आलं होतं. इथले काही सधन लोक मिळून आफ्रिकेतल्या गोरगरिबांची ऑपरेशनं करवून द्यायचे. सुदान, सोमालियाकडून अर्ज यायचे, प्रत्येकावर एक फोटो चिकटवलेला. कुणाला आधी आणायचं ते कमिटी ठरवायची, मी आपला टायपिस्ट. पण फोटो सगळे माझ्या टेबलावरून जायचे आणि मला जेवण जायचं नाही. तू म्हणायचीस, "अरे, तुला नुसतं बघवत नाही, मग ज्यांनी भोगलंय त्यांनी काय करावं?" बाबा गेल्यावर मी आमच्या मुदीरच्या, म्हणजे मॅनेजरच्या, हातापाया पडून तुझा व्हिसा मिळवला होता. माणूस वाईट नव्हता, कडक होता. एका ड्रायव्हरने पेशंटला विमानतळावर ताटकळत ठेवलं, तर दोन दिवसांत त्याला मायदेशी धाडलं. "खलास," एवढंच म्हणाला. तेव्हापासून त्याच्या बुटांचा आवाज आला तरी मी टाइपरायटरवर मान खाली घालायचो. मी गेलो तर तूही गेलीस, आणि गावी आपलं काय उरलं होतं?

मग ती सोमाली मुलगी आली. असेल सात-आठ वर्षांची. चुलीवर पडून भाजलेली, आणि जखम भरताना हनुवटी छातीलाच चिकटलेली. मान वर करता यायची नाही तिला, माणसांचे पाय तेवढे दिसायचे. तू तिच्यासमोर फरशीवर बसायचीस, पार कमरेत वाकून, तिला तुझं तोंड दिसावं म्हणून. तिची आई उंच, काटकुळी, अरबीचे चार शब्द येणारी. कुणी काहीही विचारलं की हो म्हणून मान हलवायची. मुलगी तिला 'होयो' म्हणायची, म्हणजे आई, तर तूही तिला होयोच म्हणायला लागलीस. तुम्ही दोघी तांदूळ निवडत बसायचात. तू मराठीत बोलतेस, ती तिच्या भाषेत, आणि मध्येच दोघी हसताय. मी जिन्यातून बघतोय आणि मला कळत नाही, यांना एवढं हसू कशाचं येतंय.

परदेशातून मोठा सर्जन थोड्या दिवसांसाठी आला होता. मुलीची पाळी त्याच्या शेवटच्या दिवशी लागली. भूल देणारी डॉक्टर आपल्याकडचीच होती, हिंदी बोलणारी. तिने मला बाजूला घेऊन बजावलं, "मान अशी आहे, घशात नळी घालणंच अवघड. पोटात काही असलं आणि ते उलटून फुप्फुसात गेलं, तर बच्ची गेली. पाण्याचा थेंबही नको." मी होयोला खाणाखुणा करून समजावलं. तुला तर तीनदा सांगितलं. "मला कळतं रे, मी काय खुळी आहे?" असं तू फणकाऱ्याने म्हणालीस.

त्या सकाळी वॉर्डात फॉर्मवर सही घ्यायला मी पाच मिनिटं गेलो. परत येतोय तर मुलगी तळहात चाटतेय आणि तुझ्या हातात ती स्टीलची छोटी डबी. "आई! काय दिलंस तिला?"

"काही नाही रे. दही-साखर."

"अगं, काही खायला द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना!"

"खायला कुठं दिलंय? शकुनाची दही-साखर ती. ते काय जेवण आहे? एवढ्या मोठ्या कामाला निघालीय पोर, तिला तसंच कोरडं पाठवायचं?"

तुझं बरोबरच होतं गं, तुझ्या हिशेबाने. माझ्या शाळेच्या परीक्षेपासून इथल्या विमानात बसेपर्यंत प्रत्येक वेळी तू हेच केलं होतंस, आणि त्याला कधी कुणी खाणं म्हटलं नव्हतं. पावडरच्या दुधाला मुद्दाम विरजण लावलं होतंस आदल्या रात्री. स्ट्रेचर आलं. मुलीला घेऊन निघाले. मी बाजूने चालतोय, पलीकडून होयो, मागून मुदीर; तू वॉर्डातच राहिलीस. सांगितलं तर सर्जन उद्या निघून जाईल, पोरीची मान जन्मभर तशीच राहील, आणि आपण दोघं गावी. नाही सांगितलं तर ती आत मरेल. पोरगी आडवी निजलेली, त्यामुळे पहिल्यांदाच तिचे डोळे मला नीट दिसत होते. ती माझ्याकडेच बघत होती. थिएटरचं दार उघडलं तेव्हा मी ओरडलो, "मॅडम, रुको! इसने कुछ खाया है!"

सगळे थांबले. डॉक्टरीणबाईंचा चेहरा पांढरा पडला. "किसने दिया? क्या दिया?" मी म्हणालो, "दही. एक चम्मच." आणि "किसने" याला मी तोंडाने उत्तर दिलंच नाही. मुदीर माझ्याकडे बघत होता. माझं बोट उठलं, आई, आणि होयोकडे वळलं.

मुदीरने तिला अरबीत भरभर काहीतरी विचारलं. तिने नेहमीसारखी मान हलवली. झालं! तो असा काही तापला की नर्सेस भिंतीला लागल्या. लेकीचा जीव घ्यायला निघालीस का, इथं लोक पुण्य म्हणून पैसा ओततात आणि तू... तिला काही कळत नव्हतं, नुसती आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. तिला वॉर्डाबाहेर काढलं, पुन्हा आत पाऊल टाकायचं नाही म्हणून. सर्जन मात्र भला माणूस. म्हणाला, पोट रिकामं होईपर्यंत थांबू, सगळ्यात शेवटी हिला घेऊ.

दुपारभर तू तिच्याशेजारी बाहेरच्या पायरीवर बसलीस, त्या उन्हात. "हिला का रे आत घेत नाहीत?" तू विचारलंस. मी म्हणालो, नियम आहे. तू पदराने तिला वारा घालत होतीस. मी खांबाआड उभा राहून देवाचं नाव घेत होतो, आणि खरं सांगायचं तर मुलीसाठी किती आणि माझ्यासाठी किती, हे मला आजही सांगता येणार नाही. संध्याकाळी ऑपरेशन झालं. पोरगी वाचली. महिन्याभराने तिने मान वर करून तुझ्याकडे पाहिलं तेव्हा तू रडलीस आणि मला म्हणालीस, "बघ, उगाच ओरडलास माझ्यावर. शकुन फळला की नाही?"

पण गोष्ट तिथं संपली नाही. पुढच्याच आठवड्यात कमिटीने ठरवलं की यापुढे पेशंटाबरोबर नातेवाईक आणायचे नाहीत. अडाणी आया मुलांना काहीबाही खायला घालतात, असं कारण. ते पत्र मीच टाइप केलं. चुका होत होत्या, तीनदा कागद बदलला. 'आया' या शब्दापाशी थांबलो होतो, मुदीरच्या खोलीचं दारही उघडं होतं. उठलो नाही.

मग मुलं एकटीच यायला लागली. मनगटाला नावाची चिठ्ठी, डोळे सुजलेले. पाच वर्षांची, चार वर्षांची. खालच्या खोलीत रडायची आणि तू हातातलं काम टाकून धावायचीस. आपण त्या घरातून निघेपर्यंत, सात वर्षं, हे चाललं. वर आलीस की माझ्या ताटात भाजी वाढता वाढता त्या आयांना शिव्या घालायचीस. "कसल्या ह्या बाया! एवढंसं लेकरू परमुलखात एकटं धाडतात, काळजाच्या जागी दगड आहे का?" मी खाली मान घालून जेवायचो. एकदाही म्हणालो नाही की नाही गं, तसं नाही.

त्या बाया विमानतळापर्यंत येत असतील, आई. दगड नव्हत्या त्या. त्यांना मी येऊ दिलं नाही.

हे लिहून झालं, आता घडी घालून खिशात ठेवतोय, सूनबाईच्या हाती लागायला नको. तू जिवंत असतीस तर यातलं अक्षरही लिहिलं नसतं. मुदीरची भीती केव्हाच गेली, तुझी अजून वाटते.