मिठागराच्या बांधावर शिकलेली सही

बा, उलव्यात मी एक घर घेतलं. छोटंसंच, एक खोली आणि किचन, तिसऱ्या मजल्यावर. राहायला नाही, भाड्याने द्यायला. भाकऱ्या थापून विकता विकता मनगटं गेली आहेत आणि तुझे जावई जाऊन चौदा वर्षं झाली. दर महिन्याला कुणाच्या तोंडाकडे न बघता चार पैसे हातात यावेत, एवढंच डोक्यात होतं. बिल्डरला आधी द्यायची रक्कम जमेना, म्हणून दादाकडे गेले.

सरकारने घेतलेल्या आईच्या नावच्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर त्याची बिल्डिंग उभी आहे, तुला माहीत आहे. "कशाला या भानगडीत परतेस? भाडोत्री डोक्यावर बसतात," म्हणाला. "तुझ्या बसलेत का?" मी विचारलं. वहिनी हसली, तो हसला नाही. मी म्हटलं, आईची जमीन माझीही होती, वाटा नको, उसने दे, फेडीन. तो उठला आणि कपाटातून फाईल घेऊन आला. "तू तवाच सोरलंस. ही बघ सही."

त्याला वाटलं, मी नुसती सही बघेन. पण आता मी वाचते, बा. पुड्यांचे कागद वाचत वाचत वाचनालयापर्यंत गेले. ते हक्कसोडपत्र मी सगळं वाचलं. राजीखुशीने, काही मोबदला न घेता. खाली माझं नाव, शेवटचं अक्षर घसरलेलं. तू तर नळाचा कागद आहे म्हणाला होतास. मी तसं बोलले, तर दादा सहज म्हणाला, "वकील बोलला, अंगठा नको, पुढं कोन तरी शंका काढील. सही पायजे. म्हनून तर बानं तुला शिकवली."

ते दिवस मला अजून दिसतात. आई जाऊन तेव्हा चार महिने झालेत. मिठागरावरून दुपारी सगळे जेवायला गेलेत. तू मला बांधावर बसवतोस, काडी हातात देतोस, वर तुझा खरखरीत हात, आणि ओल्या मातीत माझं नाव गिरवून घेतोस. चुकलं की पायाने पुसतोस. "माझी पोर अंगठा नाय लावनार," म्हणतोस. आठवडाभर रोज. शेवटच्या दिवशी मला एकटीला जमतं आणि तू खिशातून चिक्की काढतोस. हे मी तुझ्या जावयांना सांगितलं, लेकीला सांगितलं, वाचनालयातल्या बाईंनाही सांगितलं. पहिलं पुस्तक संपवलं तेव्हा तुझ्या नावाने देवापुढे साखर ठेवली होती. जमीन गेल्याचं मला एवढं नाही. मागितली असतीस तर दिली असती, सगळ्या बहिणी देतात. पण माहेरून मी एकच गोष्ट आणली असं समजत होते, आणि तीही तू माझ्यासाठी दिली नव्हतीस.

शेवटी पाटल्या मोडल्या आणि बाकीचे पतपेढीतून काढले. तिथे जामीनदार लागतो. पगारवाली माझ्या ओळखीत एकच, माझी लेक. ती जेवणाच्या सुट्टीत धावत आली. तिचं स्वतःचं घराचं कर्ज आहे, तिचा नवरा अशा गोष्टींना कधी हो म्हणत नाही. "आई, मी नुसती साक्षीदार ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, "हो ग, कर इथे." पंधरा वर्षं शाळा-कॉलेजात शिकलेली पोर, पण कागद आईने पुढे केला होता. तिने वाचला नाही.

हे पत्र तिच्या हाती लागेल असं ठेवावं, असं सकाळी लिहायला बसले तेव्हा ठरवलं होतं. आता ते पिठाच्या डब्याखाली सरकवते आहे. तिथे ती कधी बघत नाही.