प्रसूतिकक्षातील ‘शांतता राखा’ ही पाटी परत करण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय, प्रसूती विभाग

विषय : प्रसूतिकक्षातील पाटी परत करणे व माझ्या सुनेवरील ठपका पुसून टाकणे याबाबत.
संदर्भ : आपले चौकशीचे पत्र, ज्यात चूक सुनेची निघाली.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज करते की, मी भाजी विकते. आवाज हेच माझे भांडवल असल्याने गल्लीत मला ‘भोंगा’ म्हणतात. माझी सून मात्र इतकी हळू बोलते की तिने चहा हवा का विचारले, तर आम्हालाच ‘काय म्हणालीस’ असे विचारावे लागते. हा खुलासा पुढील मुद्दे समजण्यास उपयोगी पडेल.

१. कळा सुरू झाल्यावर सुनेला आपल्याकडे दाखल केले. नियमानुसार मला दाराबाहेर ठेवण्यात आले. आत तिने जन्मात पहिल्यांदा आवाज चढवला, “खूप रक्त जातंय हो, कुणीतरी बघा.” परिचारिकाबाईंनी खुर्चीवरून न उठता भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवले आणि “तू काय जगातली पहिली बाळंतीण आहेस का? ओरडू नकोस,” असा वैद्यकीय सल्ला दिला. दाराला काच आहे, त्यामुळे हे सर्व मला दिसले आणि ऐकूही आले.

२. सून आज्ञाधारक. ती गप्प झाली. तिच्या वाटचे मी बाहेरून ओरडू लागले, तेव्हा पहारेकरीदादांनी मला फाटकाबाहेर नेऊन सोडले. कक्षात आदर्श शांतता पसरली. डॉक्टरसाहेब आले तेव्हा सून बेशुद्ध होती. नातू झाला होता. तो रडलाच नाही. पाटीचे इतके काटेकोर पालन आपल्याकडे दुसऱ्या कोणी केले नसेल.

३. चौकशी समितीने आम्हाला काहीही विचारले नाही, बहुधा शांतता भंगेल म्हणून. निष्कर्ष असा : ‘रुग्णाने त्रासाबाबत वेळीच कळवले नाही.’ म्हणजे ओरडली तर बेशिस्त आणि गप्प बसली तर निष्काळजी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ऐकून होते. मार खाणारीलाच वर दोषी ठरवायचे, ही सुधारणा मात्र आपल्या कार्यालयाची.

४. ते वाक्य सुनेने वाचले आहे आणि तिला ते खरे वाटते. “आई, मी अजून मोठ्यानं ओरडायला हवं होतं का?” असे ती रोज विचारते. मला फार राग येतो, साहेब. भर बाजारात गिऱ्हाइकांवर उगाच खेकसते मी.

सबब विनंती की, ते वाक्य खोडून ‘रुग्णाने कळवले, कोणी उठले नाही’ असे लिहावे. कळा देणाऱ्या प्रत्येक बाईजवळ तिच्या घरचे एक माणूस आत असू द्यावे. आणि बोलावूनही कोणी आले नाही, तर जाब कोणाला विचारायचा, ते एकदा ठरवून जाहीर करावे.

पाटी काढायला आपल्याला मंजुऱ्या, निविदा वगैरे लागतील, हे जाणून काल भेटीच्या वेळेत, दारावर कोणी नसताना आत शिरून, मी ती स्वतःच काढली. मी स्टुलावर चढून खिळे उपटत होते, पलीकडच्या खाटेवर एक बाई कण्हत होती, आणि तेवढ्या वेळात कोणीही तिकडे फिरकले नाही. यावरून देखरेखीची कल्पना यावी.

पाटी आता आपल्या दालनाबाहेर लावावी, कारण सोमवारी तिची गरज पडेल. आपल्याकडे बाळंत झालेल्या आमच्या भागातल्या बायका आपणास भेटायला येत आहेत. त्या दिवशी मी तोंड उघडणार नाही, हा माझा शब्द आहे. सर्वांत आधी माझी सून बोलेल. ती आजही हळूच बोलते, तेव्हा या वेळी तरी कृपया खुर्चीवरून उठून तिच्या जवळ यावे.

आपली, जमेल तितकी नम्र,
(सही)
सुनेची सासू
दिनांक : शनिवार

सोबत :
१) आपले पत्र, दुरुस्तीसाठी परत.
२) पाटी, एक नग, खिळ्यांसह.