दुसरा वूफर

३ फेब्रुवारी, मंगळवार

ही सोफ्याच्या तिच्या कोपऱ्यात, मी माझ्या. टीव्हीवर सिनेमा, खाली अक्षरं. पूल उडाला तेव्हा माझ्या पोटात गडगडलं. हिला लिहून विचारलं — काही जाणवलं? नाही.

हिच्या आजाराला तीन महिने झाले. मेंदूच्या तापाने जीव तेवढा ठेवला, कान नेले. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे काय कमी आहे? कमी नाहीच. मला मात्र कशाचंच काही वाटत नाही. दाढी करतो, ऑफिसला जातो, परत येतो.

पण तो गडगडाट हाडांतून कळतो. तेवढा तरी हिच्यापर्यंत पोचायला हवा.

५ फेब्रुवारी, गुरुवार

स्पीकरच्या दुकानात गेलो, हिच्या कोपऱ्यात दणका पोचत नाही म्हणून सांगितलं. दुकानदाराचे केस लोकांच्या हॉलमध्ये थिएटरं बसवण्यात पांढरे झालेत. म्हणाला, वूफर म्हणजे दणक्याचा स्पीकर एकच असला की खोलीत कुठे दणका दुप्पट, कुठे लाटा एकमेकींना खाऊन टाकतात, तिथे खड्डा. "वहिनी नेमक्या खड्ड्यात बसल्यात." म्हटलं, सोफा सरकवू? मग खड्ड्यात तुम्ही जाल, म्हणाला. दुसरा वूफर घ्या.

हिला ऐकू येत नाही हे त्याला सांगितलं नाही. का, कोण जाणे.

८ फेब्रुवारी, रविवार

धूड आलं. जागा शोधायची रीत अजबच — वूफर हिच्या जागी सोफ्यावर चढवायचा, नुसता बास, म्हणजे खर्जाचा आवाज, चालू ठेवायचा आणि आपण भिंतीच्या कडेने रांगायचं. जिथे दणका भरीव लागेल, ती त्याची जागा. रांगलो. अठ्ठावन्नाव्या वर्षी! ही दारात उभी राहून बघत होती. तोंडावर हात होता. हसली असावी.

जागा मिळाली, सोफ्यामागे, पुस्तकांच्या कपाटाला लागून. गुडघे सोलवटलेत.

९ फेब्रुवारी, सोमवार

दोन्ही लावले तर दणका आधीपेक्षाही कमी! दुकानदाराला फोन केला. म्हणाला, एक ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय. मागे फेजचं बटण आहे, ते फिरवा. फिरवलं — कपाटाच्या काचा थरथरल्या. खालच्या काकू वर आल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात डबे वाजत होते म्हणे. माफी मागितली, आवाज उतरवला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिस. घर. काही नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

दुपारी तोच सिनेमा, तोच पूल. हिने पाठ सोफ्याला टेकवली होती. एकदम दचकली.

"जाणवतंय," म्हणाली. फार मोठ्याने, आपला आवाज किती चढतो ते तिला आता कळत नाही. "पाठीत जाणवतंय."

पुढचा अर्धा तास डोळे मिटून बसली. सिनेमा पाहिलाच नाही.

जमलं म्हणायचं. मला काहीतरी वाटायला हवं होतं. वायरींचे उरलेले तुकडे गोळा केले, टेबलाखालचा केर काढला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसातून येऊन टीव्ही लावायला उठलो, तर हिने हात धरून समोर बसवलं. म्हणाली, दोन महिने रोज दुपारी लेकीला व्हिडिओ कॉलवर समोर बसवून ओठांवरून बोलणं ओळखायला शिकतेय. दूधवाल्याचं कळतं, खालच्या काकूंचंसुद्धा कळतं.

"तुमचं तेवढं कळत नाही. तुम्ही तोंडच उघडत नाही."

उघडलं. नुसतं "हं" निघालं.

"हं काय? नीट बोला."

"मला वाटलं होतं, तू तापातून वाचत नाहीस."

तिने ते शब्दन् शब्द परत म्हणून दाखवलं.