रिठ्याचा फेस

पिंपळगाव राजा,
४ मार्च १९७४

प्रिय पुष्पा,

आम्ही बरे आहोत. तुझी माय कुरड्यांच्या तयारीले लागली, जावईबापूंले नमस्कार सांग.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षं काचसामान धुतलं. त्याच प्रयोगशाळेत शिपायाची पोर संशोधन करून राह्यली म्हटलं, की माही छाती फुगून जाये. लोणारच्या सरोवराचं पाणी आणून तू त्यातले जंतू वाढवले. ते साबणासारखं काही बनवतात, त्यानं तेल पाण्यात मिसळते, हे तूच मले समजावलं. त्याईले गूळ मानवते का शेंगदाण्याची पेंड, खार किती पाहिजे, ऊब किती, हे पाहाले तू वीस-वीस फ्लास्क मांडायची. बाळंतिणीचेही इतके लाड होत नाहीत बाई, असं मी चिडवायचो.

तुझ्या संशोधनाच्या शेवटच्या उन्हाळ्यात पाण्याची बोंब होती. धुण्याचा सोडा संपला, म्हणून मी घरचे रिठे नेले. खळखळून धुवाले पाणी कुठचं? एकेक घोट फिरवला अन् फ्लास्क ठेवून दिले. तुले सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय, असं वाटलं. त्या खेपेले भरभरून फेस आला, तू तर नाचलीच. मग तुले शिकवणाऱ्या सरांनी जंतू न घातलेला, नुसत्या पाण्याचा फ्लास्क हालवला, तर त्यातही फेस! साबण टाकून आकडे फुगवले, असं सर सगळ्यांसमोर म्हणाले. तू रडत माह्याकडे पाहिलं. तो फेस माह्या रिठ्यांचा, हे मले तिथंच उमगलं होतं, अन् मी मान खाली घातली.

नोकरीचं भेव नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुसरबीडचे पाहुणे तुले पाहाले येणार होते. हे खूळ सुटलं तर पोरगी उजवली जाईल, असं मनात आलं. खरं सांगतो, मले बरंच वाटलं. आग लागो त्या बरं वाटण्याले!

मागच्या महिन्यात तुझं पत्र आलं. प्रयोगाच्या वह्या चुलीत घातल्या, असं लिहून तू विचारलं, की बाबा, मी खरंच चुकली होती का? मी तडक कॉलेजात गेलो. सरांकडे जाऊन सगळं सांगितलं. त्याईनं तुझ्या जंतूंची जपलेली नळी काढली, फ्लास्क उकळून घेतले. तिसऱ्या दिवशी जंतूंच्या फ्लास्कात फेस आला, नुसत्या पाण्यात नाही. थोडाच आला. तो वाढवाचा कसा, ते तुझ्या वह्यांत होतं. सरांनी त्या वह्या मागितल्या, अन् मी तिथंच ढसाढसा रडलो. तू चुकली नव्हती, पुष्पा. तुझ्या बापानं तुले खोटं ठरू दिलं.

तुझाच अपराधी,
बाबा