लाल ट्रॅक्टर कुणाच्या हाती द्यायचा

मी, नंदा सुभाष पिसाळ, वय त्रेपन्न, शिक्षण सातवी पास, राहणार ॲथलोनच्या बाहेर, तीन घरांच्या लेनमधलं मधलं घर, आयर्लंड, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. कुणी माझा हात धरून लिहून घेत नाही. उलट नवरा मघापासून "शुद्धलेखन बघू का?" म्हणत मागे उभा होता, त्याला चहा टाकायला पाठवलंय. माझ्यात बिघाड आहे तो हृदयाच्या झडपेत. दोन डिसेंबरला डब्लिनला ती बदलणार. डॉक्टर म्हणाला, शंभरातल्या सत्त्याण्णव जणी ठणठणीत घरी जातात. मी विचारलं, उरलेल्या तिघींनी कागद केला होता का? तो फाइल चाळायला लागला. म्हणून हा कागद.

याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते आम्ही गेल्या महिन्यात स्वयंपाकघरात केलं होतं आणि त्यावर साक्षीदार म्हणून सुभाषनेच सही ठोकली, खाली रेघ मारून. "घरचा माणूस असताना बाहेरचे कशाला?" इथल्या कायद्याने साक्षीदाराला त्या कागदातलं काही मिळत नाही. वकीलबाई सही बघून म्हणाल्या, "मिस्टर पिसाळ, बायकोने तुम्हाला जे जे दिलं ते तुम्ही या एका सहीने घालवलंत." तीस वर्षं टेलिकॉममध्ये नोकरी केलेला माणूस. मी सातवी, पण सही करायच्या आधी विचारते.

कलम पहिलं. घर दोघांच्या नावावर आहे, ते सुभाषचं. इतकंच सांगणं की हॉट प्रेस हे टॉवेल गरम ठेवायचं कपाट आहे, जुने राउटर ठेवायचं नव्हे. मी गेल्यावर तेरा दिवस दुखवटा पाळा, चौदाव्या दिवशी ते राउटर बाहेर काढा.

कलम दुसरं. लोकांचं गवत कापून मी पोस्टात जे साठवलं ते मुलगा पियूष आणि सून ज्ञानदा यांना निम्मं निम्मं. दोघं दोन वर्षं आमच्याकडे राहून डब्लिनकडच्या ॲडम्सटाउनमधल्या फ्लॅटसाठी पैसे जमवताहेत. पियूष, मी मराठीत विचारते आणि तू इंग्लिशमध्ये "ग्रँड, मॅम", म्हणजे "ठीक आहे, आई", म्हणतोस, हे मी वीस वर्षं चालवून घेतलं. बँकेत गेल्यावर मात्र सगळं नीट वाच, ग्रँड म्हणून सही करू नकोस. तू तुझ्या बापाचा मुलगा आहेस.

कलम तिसरं. पुण्याच्या जाऊबाई वसुधा यांना माझा पांढरा लोकरी कोट आणि माझा ट्रॅक्टरवर बसलेला फोटो, मोठा करून, फ्रेमसकट. २०१९ साली पियूषच्या मुंजीच्या जुन्या व्हिडिओवरून विषय निघाला तेव्हा त्या फोनवर म्हणाल्या होत्या, "नंदा, तू तिथे लोकांचं गवत कापतेस हे इथे कुणाला सांगू नकोस गं." वहिनी, मी कुणाला सांगितलं नाही. आता फोटोच सांगेल. तो हॉलमध्ये लावायचा, पाहुण्यांना दिसेल असा. लावायचा नसेल तर कोटही परत पाठवायचा.

कलम चौथं, म्हणजे ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते. ट्रॅक्टर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लेनच्या शेवटच्या घरात मॉरीन राहते. वय एक्क्याऐंशी, एकटी. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार टॅक्सी येते आणि तिला डायलिसिसला नेते. लेन खासगी आहे, काउन्सिलची गाडी तिथला बर्फ काढायला येत नाही. गेल्या जानेवारीत बर्फ पडला तेव्हा टॅक्सीवाला मोठ्या रस्त्यावरून फोन करून परत गेला. मी गवत कापायच्या छोट्या ट्रॅक्टरला पुढे बर्फ ढकलायचं पातं लावून साडेतीनशे मीटर लेन मोकळी केली, टॅक्सी पुन्हा बोलावली आणि मॉरीनला रस्त्यापर्यंत पोचवलं. ती वाटेत म्हणाली, "नंदा, तू नसतीस तर मी आज स्वयंपाकघरात बसून मेले असते." मी म्हटलं, बोलू नकोस, गार वारा तोंडात जातो.

आता डॉक्टर म्हणतात, मी वाचले तरी तीन महिने काही उचलायचं नाही, ढकलायचं नाही. म्हणजे हा हिवाळा माझा नाही. प्रश्न एवढाच आहे.

माझ्या वडिलांचं कराडजवळ ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. सातवीनंतर मला शाळेतून काढून तिथे बसवलं, ते वाईट झालं की बरं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. २०१८च्या मोठ्या बर्फानंतर गवत आणि बर्फ दोन्हीला चालेल असं काही घ्यायचं ठरलं, तेव्हा सुभाषने कॉम्प्युटरवर तक्ता केला, अकरा रकाने. त्यात पहिला आला तो नवाकोरा, कप ठेवायला जागा असलेला. मी दुकानात जाऊन त्याच्याखाली वाकून बघितलं. पत्र्याची चौकट, डब्यासारखी. गवत कापेल. पुढे पातं लावून ओला बर्फ ढकलायला लावा, महिन्यात वाकेल.

"त्यात ब्लूटूथ आहे," सुभाष म्हणाला.

"बर्फ कुणाशी बोलणार आहे?" मी म्हटलं.

मग जुने बघत फिरलो. एकाला ताजा रंग होता. मी नखाने टोकरलं, खाली गंज. दुसऱ्याच्या मालकाने आम्ही पोचताच किल्ली फिरवली, इंजिन लगेच सुरू. सुभाष टाळ्या वाजवायचा बाकी होता. मी बॉनेटवर हात ठेवला. गरम. म्हणजे साहेबांनी आम्ही यायच्या आधीच तापवून ठेवलं होतं, थंडीत सुरू होत नाही ते झाकायला. मी सांगितलं, उद्या येते, तोपर्यंत याला हात लावायचा नाही. तो म्हणाला, उद्या विकलेला असेल. मी म्हटलं, देवाची कृपा.

आमचा लाल सापडला रोसकॉमनला, एका विधवा बाईच्या गोठ्यात. तेव्हा वीस वर्षांचा. इंजिन थंडगार. तिसऱ्या झटक्याला सुरू झाला, एकदा काळा धूर टाकला आणि मग स्वच्छ. पुढचा ॲक्सल बिडाचा, पत्र्याचा नाही. खाली गवत कापायच्या ताटाला एक ठिगळ होतं, ते बाईने आपण होऊन दाखवलं. जो स्वतःचं ठिगळ दाखवतो त्याच्याकडून घ्यावं. हे मी लग्न ठरवतानाही पाळलं असतं, पण तेव्हा मला कुणी विचारलं नाही. (सुभाष, हे गमतीत आहे. चहा झाला का?)

तर आता कुणाला द्यायचा?

सुभाषला नाही. कारण लिहून ठेवते. या वर्षी खंडेनवमीला त्याने ट्रॅक्टरची पूजा केली, ती चांगली गोष्ट. डब्लिनहून झेंडूचा हार आणला, तोही ठीक. पण त्या दिवशी अवजाराला काम सांगायचं नसतं हे कराडचं पोरही जाणतं. याला मात्र वसुधा वहिनींना व्हिडिओवर चालता ट्रॅक्टर दाखवायचा होता. हार तसाच ठेवून सुरू केला. इंजिनला जिथून हवा जाते त्या जाळीने हार ओढून घेतला, फुलं आत, दोरा पंख्याला. मी आत कुकरपाशी होते. मला काही ऐकू आलं नाही.

ज्ञानदा वरच्या खोलीत तिच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. ती मोज्यांवर जिना उतरून धावत आली.

"बाबा, बंद करा आधी! त्याचा आवाज घोगरा होऊन राहिला!"

"अगं, हा तसाच आहे, जुना आहे."

"नाही ना बाबा, रोज असा नाही बोलत तो!" आणि तिने सुभाषच्या हाताखालून हात घालून किल्ली फिरवली.

दोन मिनिटं उशीर झाला असता तर इंजिन तापून कायमचं जाम झालं असतं. मग वसुधा वहिनींनी मेलेला ट्रॅक्टर बघितला असता.

पियूषलाही नाही. त्याच्या कानात दिवसभर काहीतरी खोचलेलं असतं. जुनं यंत्र कानाने चालवायचं असतं, हाताने नंतर.

आता मला जे लिहायचंय ते मी तोंडाने बोलू शकत नाही, म्हणून कागदावर. ज्ञानदा, तू या घरात आलीस त्या पहिल्याच आठवड्यात ट्रॅक्टरजवळ उभी होतीस आणि मी म्हटलं होतं, "लॅपटॉपवाल्यांनी हात लावायचा नाही." तू दोन वर्षं हात लावला नाहीस. पण वरच्या खोलीत बसून दोन वर्षं ऐकत होतीस, हे मला त्या दिवशी कळलं. नागपूरची पोरगी, वडील शाळामास्तर, आयुष्यात कधी पाना धरला नाही, आणि जे कराडच्या गॅरेजवालीला कळलं नाही ते तुला बंद खिडकीतून कळलं. त्यावर मी तुला काय म्हटलं? "मोजे ओले केलेस, चपला घालून यायचं." हे माझं चुकलं. एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नकोस.

तुझी भाजी अजूनही जळजळीत असते, तो मुद्दा वेगळा, तो कायम आहे.

म्हणून लाल ट्रॅक्टर, त्याचं पातं, मागच्या चाकांच्या साखळ्या, वाळूची दोन पोती आणि वडिलांच्या पान्यांची पेटी, हे सगळं ज्ञानदा पियूष पिसाळ हिचं. एकटीचं. पियूषने विचारून घ्यायचं.

सूचना: बर्फ पडायच्या आत खालचं ताट काढून ठेवायचं, नाहीतर पात्याला उचलायला जागा मिळत नाही. वाळूची पोती वजनासाठी मागे बांधायची, पुढे नाही. पहिल्या झटक्याला सुरू झाला नाही तर चिडायचं नाही, तिसऱ्याला होतो. चोक ओढायचा, सुरू झाला की हळूहळू आत ढकलायचा, तो धडधडत असताना नाही, गुरगुरायला लागला की. हे लिहून कळत नाही, तुला कळेल. ॲडम्सटाउनला घर मिळालं की जा. ट्रॅक्टर तिकडे न्यायचा नाही, बाल्कनीत काय कापणार? पण जायच्या आधी या लेनमध्ये कुणाच्या तरी कानाची परीक्षा घे आणि त्याला शिकव. तोवर मंगळवार, गुरुवार, शनिवार लेन मोकळी हवी.

वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्रातलं सगळं मी मेल्यावर लागू होतं. बाकीचं होऊ दे. पण येत्या शुक्रवारी रात्री उणे चार होणार, बर्फ पडणार, असं रेडिओवर सांगितलंय, आणि शनिवारी सकाळी साडेसहाला मॉरीनची टॅक्सी आहे. बर्फ माझ्या मरणाची वाट बघणार नाही. म्हणून हे एक कलम मी आजच लागू केलं आहे. जेवण झाल्यावर किल्ली ज्ञानदाच्या हातात दिली. ती म्हणाली, "आई, मी आणि हा? मले जमन का?" मी म्हटलं, मला काय विचारतेस, त्याला विचार.

साक्षीदार म्हणून मॉरीनला बोलावलं आहे. तिला यात काहीच ठेवलेलं नाही, म्हणून तिची सही चालते. तिला मराठी येत नाही, पण कायद्याला फक्त मी सही केलेली तिने पाहायला हवी. ती विचारतेय, "माझ्याबद्दल वाईट लिहिलंयस का?" दुसरी साक्षीदार सुचित्रा, इथल्या युनिव्हर्सिटीत शिकते, दर रविवारी जेवायला येते. तिला मराठी येतं, ती मघापासून हसतेय.

हे लिहीत असताना बाहेर ट्रॅक्टर सुरू करायचा आवाज आला. पहिला झटका, काही नाही. दुसरा, काही नाही. सुभाष उठला, त्याला मी खाली बसवलं. तिसऱ्याला सुरू झाला. धडधडला, मग गुरगुरायला लागला, आणि चोक बरोबर वेळेवर आत गेला. मी खिडकीकडे गेले नाही. इथूनच सही करते.

सही: नंदा सुभाष पिसाळ

आमच्या दोघींच्या समोर, आम्ही दोघी हजर असताना सही झाली:
१. मॉरीन केली, लेनचं शेवटचं घर
२. सुचित्रा देवधर, ॲथलोन

स्थळ: आमचं स्वयंपाकघर, ॲथलोनजवळ
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५, रविवार